बोटीवर पोरं नेताना

अगं, जानेवारीत मुलांना घेऊन कॅरिबियन क्रूझला जाऊ का, असं विचारलंस. जरूर जा. फक्त एक गोष्ट आधी मनाशी पक्की कर. ऐन थंडीत, शाळा चालू असताना बोट स्वस्त मिळते ती कुणाच्या मेहेरबानीनं नव्हे. हवेचा भरवसा नसतो आणि मुलांची शाळा बुडते, म्हणून लोक जात नाहीत, आणि लोक जात नाहीत म्हणून दर उतरतात. तेव्हा जे पैसे वाचतील त्यातले थोडे या दोन गोष्टी सांभाळण्यासाठीच परत खर्च करायचे. सगळी बचत गाठीला बांधायला गेलीस तर सुट्टीचा विचका ठरलेला. मी पुढे जे सांगणार आहे ते सगळं या एका हिशोबातून आलेलं आहे.

आधी तारखा. थँक्सगिव्हिंगचा टर्की पचला की ख्रिसमसच्या सुट्टीपर्यंतचे दोन-तीन आठवडे, आणि नवीन वर्ष उजाडून मुलं शाळेत परतली की पुढचे काही आठवडे, हे दोन काळ आपल्या कामाचे. तीच खोली, तीच बोट, ख्रिसमसच्या आठवड्यातल्या भावाच्या पुष्कळदा निम्म्याच्या आसपास मिळते. जानेवारीतल्या तिसऱ्या सोमवारी मार्टिन ल्यूथर किंग डेची सुट्टी असते. एक दिवस शाळा कमी बुडेल म्हणून लोक त्याला जोडून जातात आणि तीन-चार रात्रींच्या बोटी भरून टाकतात. तू त्याच्या मागचा नाहीतर पुढचा आठवडा घे. फेब्रुवारीतला तिसरा सोमवार प्रेसिडेंट्स डेचा. तिथून दर चढायला लागतात ते स्प्रिंग ब्रेक संपेपर्यंत खाली येत नाहीत. आपल्या न्यू जर्सीत नोव्हेंबरच्या सुरुवातीला शिक्षकांचं अधिवेशन असतं आणि शाळा दोन दिवस बंद राहतात, त्या आठवड्याचा मोह होईल. होऊ देऊ नकोस. अर्धं जर्सी तेव्हा फ्लोरिडात असतं, आणि वादळांचा मोसम ३० नोव्हेंबरपर्यंत धरतात.

मला विचारशील तर डिसेंबरचा पहिला पंधरवडा सगळ्यात गोड. बोटीवर झाड उभं केलेलं असतं, दिव्यांच्या माळा लागलेल्या असतात, आणि गर्दी मात्र अजून यायची असते. पण शाळेत त्याच दिवसांत गाण्यांचे कार्यक्रम असतात, तेव्हा थोरल्याचं काही आहे का ते बघून ठरव. बुकिंग केलंस म्हणून भाव बघणं सोडू नकोस. शेवटचा हप्ता भरायची तारीख येईपर्यंत दर उतरला तर बऱ्याच कंपन्या फरक देतात, पण मागितला तर. जानेवारी ते मार्च या काळात कंपन्या पुढच्या वर्षाच्या बोटी विकायला काढतात, सवलतींचा पाऊस असतो. त्यातलं बरंचसं 'फुकट' हे खोलीच्या भावात आधीच घातलेलं असतं, एवढं ध्यानात ठेव.

शाळेचं म्हणशील तर माझं मत स्पष्ट आहे. तिसरी-चौथीपर्यंत पाच दिवस बुडाले तर आभाळ कोसळत नाही. सातवीनंतर मात्र विचार करावा, कारण बुडलेलं गणित पोराला घरी येऊन भरून काढायचं असतं, तुला नाही. वर्षाच्या साधारण १८० दिवसांपैकी दहा टक्के दिवस मूल गैरहजर राहिलं तर शाळेच्या वहीत त्याचं नाव वेगळ्या यादीत जातं. म्हणजे अठरा दिवस. थंडीत सर्दी-तापातच त्यातले पाच-सहा जातात. तेव्हा गेल्या वर्षीची हजेरी काढून बघ, मग बोट ठरव. बाईंना आधी ईमेल कर आणि खरं कारण लिही. 'ताप आला होता' असं आपण लिहायचं आणि उन्हानं काळवंडलेलं पोर सोमवारी वर्गात बसवायचं, यात शोभा होते. आणि अभ्यासाचा गठ्ठा मागून नेऊ नकोस. बोटीवर तो कुणी उघडत नाही, आणि तू मात्र सात दिवस त्यावरून ओरडत राहशील.

आता मुख्य मुद्दा, बोट कुठून आणि कुठे. इथे थोडं सविस्तर सांगते, कारण बहुतेकजण इथेच चुकतात.

आपल्या एडिसनहून बेयोनचा धक्का तासाभराच्या आत. गाडीत सामान टाकलं की झालं, विमान नाही, चौघांच्या तिकिटांचा खर्च नाही. ऐकायला झकास. पण जानेवारीत बेयोनहून निघालेली बोट पहिले दीड-दोन दिवस थंडीतच असते. डेकवर जोराचा वारा, तलावांवर जाळ्या, आणि नॉर्थ कॅरोलायनातल्या केप हॅटरसच्या बाहेर समुद्र हिवाळ्यात चांगलाच खवळलेला. परतीचे दोन दिवस पुन्हा तेच. म्हणजे सात रात्रींत ऊन मिळालं तर तीन दिवस. मोठ्यांना चालतं, पत्ते कुटत बसतात. पोहण्याचे कपडे घालून दारात उभ्या राहिलेल्या चार वर्षांच्या पोरीला ते कसं समजावणार?

म्हणून विमानानं फ्लोरिडा गाठ: मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हरल. पण तिथूनही सगळ्या बोटी सारख्या उबदार नाहीत. तीन-चार रात्रींच्या बहामाच्या बोटी सगळ्यात स्वस्त, आणि जानेवारीत सगळ्यात बेभरवशाच्या. उत्तरेकडून थंड वाऱ्याची लाट खाली आली की बहामापर्यंत पोचते. नसॉमध्ये एरवी दुपारी सत्त्याहत्तर-अठ्ठ्याहत्तर फॅरनहाइट असतं, पण लाट आली की दोन दिवस स्वेटर लागतो. समुद्राचं पाणी पंचाहत्तरच्या आसपास, म्हणजे मोठा माणूस 'आहा' म्हणत शिरतो आणि पोर दहा मिनिटांत निळ्या ओठांनी बाहेर येतं. वारा जोराचा असला तर कंपन्यांच्या खासगी बेटांवर बोट थांबतही नाही, पुढे निघून जाते.

जितकी दक्षिणेला जाशील तितकी हवा पक्की. कोझुमेल बरं, सेंट थॉमस, सेंट मार्टेन त्याहून बरं, अरुबा, कुरासाव उत्तम. तिथे पाणी एकोणऐंशी-ऐंशीला असतं आणि मुलं तासन् तास डुंबतात. वारा तिथेही असतो, पण गरम. फ्लोरिडाहून तिथवर जायला समुद्रातच बरेच दिवस जातात, तेव्हा माझा खरा कानमंत्र असा की प्वेर्तो रिकोतल्या सान हुआनहून सुटणारी बोट बघ. नेवार्कहून विमान चार तासांच्या आसपास, प्रवास देशांतर्गत, आणि सात रात्रींत जवळजवळ रोज नवं बेट. बोटी थोड्या जुन्या असतात, घसरगुंड्या कमी असतात. तुझ्या मुलांच्या वयाला समुद्राची वाळू पुरते.

सान हुआनला आदल्या दिवशी पोच, आणि दुपारी मुलांना एल मोरो किल्ल्यावर घेऊन जा. किल्ल्यापुढे समुद्रालगत मोठं हिरवं पठार आहे आणि तिथे लोक पतंग उडवतात. पतंग आसपास विकत मिळतात. संक्रांतीच्या आठवड्यात गेलीस तर यासारखं दुसरं नाही. आणि कुरासावला विलेमस्टाडमध्ये १८८८ सालचा तरंगता पूल आहे, होड्यांवर तोललेला. जहाज आलं की घंटा वाजते आणि अख्खा पूल, त्यावर उभ्या असलेल्या माणसांसकट, दारासारखा बाजूला सरकतो. मुलांना पुलावरच उभं कर. बोटीवरच्या लाख रुपयांच्या करमणुकीपेक्षा ते त्यांच्या लक्षात राहील.

आदल्या दिवशी पोचणं हा सल्ला नाही, नियम समज. बोट कुणासाठी थांबत नाही. जानेवारीत नेवार्कला बर्फ पडलं, विमानाच्या पंखांवरचं बर्फ उतरवायला दोन तास लागले, की त्याच दिवशीच्या बोटीचा प्रश्न मिटला; पैसेही बुडाले. मी म्हटलं ना, वाचलेल्यातले थोडे परत घालायचे? ते इथे. एका रात्रीचं हॉटेल घे, मुलांना झोपू दे, सकाळी आरामात धक्क्यावर जा. हवामानखातं मोठं वादळ सांगत असेल तर दोन दिवस आधी निघ. अशा वेळी विमान कंपन्या बहुधा दंड न घेता तिकीट बदलून देतात.

जाड कोट नेऊ नयेत. गाडी विमानतळावर ठेवणार असाल तर कोट गाडीतच राहू देत आणि टर्मिनलपर्यंत दोन स्वेटर एकावर एक. चार माणसांचे फुगलेले कोट त्या खोलीतल्या कपाटात मावत नाहीत. एकेक हलका विंडचीटर मात्र हवाच. संध्याकाळी डेकवर वारा झोंबतो, आणि बोटीवरच्या नाटकगृहात एसी इतका की पोरं कुडकुडतात.

चढताना मोठ्या बॅगा धक्क्यावर हमाल घेऊन जातात त्या खोलीत यायला कधी संध्याकाळ होते. तेव्हा खांद्यावरच्या पिशवीत पोहण्याचे कपडे, सनस्क्रीन, औषधं, धाकटीचं पांघरूण आणि सगळ्यांची कागदपत्रं. पहिल्या दुपारी बाकीचे लोक जेवायच्या रांगेत असतात, तलाव रिकामा असतो. मुलांना आधी तिकडे ने.

खोलीचं सांगते. चौघांच्या खोलीत दोन पलंग वरून, छतातून उघडतात. थोरल्याला मजा वाटेल. धाकटीला वर चढवू नकोस, तिच्यासाठी सोफ्याचा पलंग माग. तान्हं बाळ असेल तर घडीचा पाळणा फुकट मिळतो, पण बुकिंग करताना सांगावा लागतो. बाल्कनी हवी का? मी तर म्हणेन, पोरं लहान असेपर्यंत नको. बाल्कनी घेतलीच तर खुर्च्या कठड्यापासून लांब, दाराची वरची कडी कायम लावलेली, आणि मोठं माणूस सोबत नसताना मूल बाहेर जाणार नाही. याला अपवाद नाही. आतली, बिनखिडकीची खोली मुलांच्या झोपेला फार चांगली असते. अंधार इतका की सकाळचे आठ वाजले तरी हूं की चूं नाही. रात्रीचा छोटा दिवा तेवढा बरोबर ने. आणि हो, न्हाणीघरात नुसता शॉवर असतो, तोही उभं राहून कसाबसा वळण्याएवढ्या जागेत. घडीची रबरी बादली आणि एक प्लास्टिकचा मग घेऊन जा. शॉवरखाली रडणारं पोर मगानं गप्प होतं.

किटली, इस्त्री, भाताचा कुकर, पाणी तापवायची कॉइल यांतलं काही नेऊ नकोस. आपल्या लोकांना हे सांगावंच लागतं. आगीच्या भीतीनं या सगळ्यावर बंदी आहे, तपासणीत काढून घेतात. एक्स्टेन्शनच्या वायरीचंही तेच. घरी केलेलं खाणंही बहुतेक बोटींवर चालत नाही. कारखान्यात बंद केलेली पाकिटं चालतात. म्हणजे तुझे धपाटे विमानतळावर संपव. चिवड्याची, शेंगदाण्याच्या चिक्कीची पाकिटं आणि बाळाचं बंद डब्यातलं खाणं खुशाल ने.

आणि मेतकुटाचं एक न फोडलेलं पाकीट. बुफेत साधा पांढरा भात जवळजवळ नेहमी असतो, आणि लोण्याच्या छोट्या वड्या हव्या तेवढ्या. गरम भातावर लोणी टाकायचं, ते वितळेपर्यंत थांबायचं, मग चमचाभर मेतकूट आणि चिमूट मीठ. तिसऱ्या दिवशी पिझ्झा, पास्ता, चिकन नगेट यांना पोरं कंटाळतात आणि 'मऊ भात' असं रडगाणं सुरू होतं, तेव्हा हीच वाटी लागते. बऱ्याच बोटींवर आपल्याकडची एखादी भाजी, वरण असतंच. संध्याकाळच्या मोठ्या जेवणघरात पहिल्याच दिवशी मुख्य वाढप्याला गाठून सांग की आम्हाला रोज एक भारतीय शाकाहारी पदार्थ हवा. बोटीवरच्या स्वयंपाकघरात आणि वाढपात भारतीय, त्यातही गोव्याची माणसं पुष्कळ असतात. कुणी ना कुणी आपलेपणानं करून घालतं. कांदा-लसूण चालत नसेल तर मात्र आयत्या वेळी नव्हे, निघण्याच्या महिना-दीड महिना आधी कंपनीला लिहून कळव. जेवणाची पहिली पाळी घे. दुसरी पाळी आठनंतरची, तोवर धाकटी सूपच्या वाटीत डोकं घालून झोपेल.

बोट लागण्याची भीती तू बोलून दाखवलीस. मोठ्या बोटी स्थिर असतात, पण हिवाळ्यात हलत नाहीत असं नाही. खोली मधोमध आणि खालच्या मजल्यावर घे. टोकाला आणि वर हेलकावे जास्त. दोन वर्षांखालच्या मुलांना बोट क्वचितच लागते, त्रास होतो तो दोन ते बारा या वयाला. पोट रिकामं ठेवू नकोस, कोरडं काहीतरी थोडं थोडं दे. डेकवर नेऊन लांब क्षितिजाकडे बघायला लाव, आणि हातातला आयपॅड काढून घे. खाली मान घालून बघत बसल्यानं जास्त होतं. आमच्या लहानपणी भाऊच्या धक्क्यावरून कोकणची बोट धरली की आई आवळासुपारी आणि आलेपाक पदराला बांधून असायची. आल्याचा उपयोग खरंच होतो, आलेपाकाचं बंद पाकीट ने. औषध द्यायचं तर निघण्याआधी मुलांच्या डॉक्टरांना वजन सांगून विचार, आणि घरीच एकदा देऊन बघ. काही मुलं त्या औषधानं झोपण्याऐवजी उंडारतात. मोठी माणसं कानामागे लावतात ती पट्टी मुलांना लावायची नाही.

त्या कोकणच्या बोटीची आठवण आणखी एका कारणानं आली. तेव्हा बऱ्याच बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. खोल पाण्यात उभी राहायची आणि आम्हाला पडावात उतरवायचे, ट्रंका, कोंबड्या, लेकुरवाळ्या बाया सगळ्या एकदम. ग्रँड केमन आणि बेलीझ सिटी इथे आजही क्रूझचं तसंच आहे, बोट लांब उभी आणि छोट्या होडीतून किनारा. वारा असला तर होड्या सोडत नाहीत आणि ते बंदर हुकतं. मुलं लहान असताना अशी बंदरं असलेला मार्ग टाळावा. स्ट्रोलर उचलून डुलत्या होडीत चढणं हे काम सुट्टीतलं नव्हे.

पाण्याबद्दल मी कडक बोलणार आहे, राग मानू नकोस. सगळ्याच कंपन्यांच्या तलावांवर जीवरक्षक नसतात. असले तरी आपलं पोर आपण बघायचं. तू आणि जावईबापू, दोघांपैकी कोणाची पाळी आहे ते तोंडानं बोलून ठरवायचं. 'मला वाटलं तुझं लक्ष आहे' हे वाक्य तलावाकाठी कुणी उच्चारता कामा नये. पाळी असेल त्याच्या हातात फोन नको. मापाचं लाइफ जॅकेट घरून ने. डायपरमधल्या मुलांना मोठ्या तलावात उतरवत नाहीत, पोहण्याचा डायपर घातला तरी नाही. अमेरिकन आरोग्यखात्याचा नियम आहे. काही बोटींवर तान्ह्यांसाठी वेगळी कारंजी असतात, सगळ्यांवर नसतात. तुझ्या धाकटीचा प्रश्न नाही, पण नणंदेचं बाळ येणार असेल तर तिला आधी सांग. बहुतेक बोटींवर सहा महिन्यांखालचं बाळ घेतच नाहीत, लांब पल्ल्याच्या बोटींवर वर्षाखालचं नाही.

आजारपण. हिवाळा म्हणजे उलट्या-जुलाबांच्या नोरोव्हायरसचाही मोसम. दारोदारी ठेवलेल्या सॅनिटायझरवर विसंबू नकोस, त्यानं तो विषाणू नीट मरत नाही. साबण आणि पाणी, वीस सेकंद, जेवणाआधी दर वेळी. बुफेतले चमचे हजार हातांतून गेलेले असतात, मुलांना तू वाढ. फ्लूची लस निघण्याच्या दोन आठवडे तरी आधी. थर्मामीटर, तापाचं औषध, ओआरएसची पाकिटं बरोबर असू देत. बोटीवरचा दवाखाना चांगला असतो पण बिल सणसणीत असतं आणि ते थेट खोलीच्या खात्यावर चढतं. इथला आरोग्यविमा बाहेर चालतो का ते विचारून घे. सासू-सासऱ्यांना मेडिकेअर असेल तर समुद्रात ते जवळपास निरुपयोगी. प्रवासविमा काढच, आणि हेलिकॉप्टरनं किनाऱ्यावर न्यायचा खर्च त्यात धरला आहे का ते वाच. वाचलेल्यातले थोडे परत घालायचे ते इथेही.

मुलांच्या क्लबात बहुतेक ठिकाणी तीन वर्षं पूर्ण आणि शू-शी सांगणारं मूल लागतं. या दिवसांत क्लब निवांत असतात, ताया-दादांना एकेका मुलाचं नाव ठाऊक होतं. पहिल्याच दिवशी मुलांसोबत जाऊन बघून ये आणि पहिल्यांदा तासाभरासाठीच ठेव. पण याची दुसरी बाजूही आहे. शाळा चालू असल्यामुळे बारा-पंधरा वर्षांची मुलं बोटीवर फार कमी असतात. रिकाम्या क्लबात एकटा बसलेला चौदा वर्षांचा मुलगा सात दिवस आईबापांचं डोकं खातो. म्हणून हा सगळा खटाटोप चार ते नऊ-दहा या वयातच करून घ्यावा.

बेटांवर उतरशील तेव्हा घड्याळ बोटीच्या वेळेवरच ठेव, बेटाची वेळ वेगळी असू शकते. बोटीनं दिलेल्या वेळेच्या तासभर आधी परत. टॅक्सीत मुलांची सीट बहुधा नसते, तेव्हा लांबची ठिकाणं सोड; सेंट थॉमसला मेगन्स बे, अरुबाला पाम बीच, एवढं पुरे. जानेवारीचं ऊन दिसतं कोवळं, भाजतं वैशाखासारखं, आणि आपली सावळी मुलंही भाजतात. लांब बाह्यांचा पोहण्याचा सदरा सगळ्यात उत्तम. सनस्क्रीन झिंकचं घे. प्रवाळांना अपाय होतो म्हणून यूएस व्हर्जिन आयलंड्समध्ये ऑक्सिबेन्झोन असलेली सनस्क्रीनं २०२० पासून बंद आहेत, अरुबातही. आणि थोरल्याची ती लष्करी ठिपक्यांची चड्डी घरी ठेव. बार्बेडोस, सेंट लुशिया, अँटिग्वा अशा कितीतरी बेटांवर तसले कपडे घालणं गुन्हा आहे, मुलांनासुद्धा.

पैशांचं थोडक्यात. बक्षिसी म्हणून दिवसाला माणशी सोळा ते वीस डॉलर लागतात, आणि बहुतेक ठिकाणी मुलांचेही. सात रात्रींचा चौघांचा आकडा आधीच मांडून ठेव. मुलांच्या हातात खोलीचं कार्ड मिळतं, त्यावर खर्च बंद करायला पहिल्याच दिवशी काउंटरवर सांग; व्हिडिओगेमच्या खोलीत तेच कार्ड पैसे खातं. फोन बोटीवर चढताच एअरप्लेन मोडवर.

सासू-सासरे बरोबर येणार असतील तर चांगलंच आहे, पण मुलं सांभाळायला म्हणून नेऊ नकोस. त्यांना वेगळी खोली, लिफ्टजवळची. आठवड्यातून दोन संध्याकाळी नातवंडांना घेऊन बसतील, आनंदानं बसतील. रोज बसवलंस तर परत आल्यावर वर्षभर ऐकशील, आणि त्यांचं चुकणार नाही.

शेवटचं आणि पहिलं करायचं ते कागदांचं. अमेरिकन नागरिकांना निघाल्या बंदरीच परतणाऱ्या बोटीवर नुसत्या जन्मदाखल्यावर चढता येतं, असं तुला कुणीतरी सांगेल. खरं आहे. पण एखाद्या बेटावर बोट हुकली किंवा पोराला दवाखान्यात ठेवावं लागलं तर विमानानं परत यायला पासपोर्टच लागतो. मुलांचा पासपोर्ट पाचच वर्षांचा असतो आणि नवा काढताना आई-वडील दोघांची संमती लागते, त्यात आठवडे जातात. तुम्ही दोघं अजून एच-१बीवर आहात. बोटीवरून उतरणं म्हणजे देशात नव्यानं येणं, तेव्हा पासपोर्टवरचा व्हिसाचा शिक्का चालू हवा आणि मंजुरीची कागदं हाताशी हवीत. शिक्का संपला असेल किंवा कसला अर्ज अडकलेला असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय एक डॉलरसुद्धा भरू नकोस. भारतीय पासपोर्टला प्रत्येक बेटाचा नियम निराळा. एका बेटाचा व्हिसा नसला तरी धक्क्यावरून परत पाठवतात. बोटीचे फोटो नंतर बघू. आज रात्री मुलं झोपली की कपाटातून चारही पासपोर्ट काढ, तारखा वाच, आणि मग मला फोन कर.